रागावून झालं की वाचा

आई आणि आण्णा,

प्रभूच्या नावात सलाम.

आण्णा, फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता, म्हणून पत्र लिहिते आहे. आई चष्मा लावून मोठ्यानं वाचेल. तुम्हाला उठून अंगणात जायचं असेल तर खुशाल जा. ऐकू येईल एवढ्याच अंतरावर जाल, हे मला माहीत आहे.

विहिरीकडचं दीड एकर शिवादादाला वाट्यानं दिलं ते मी. तो मागायला आला नव्हता, मीच त्याच्या दारात गेले. आईला ठाऊक नव्हतं. म्हणजे आदल्या रात्री कळलं, पण तोवर माझं ठरलं होतं. तेव्हा तिच्या हातच्या भाकरीवर राग काढू नका.

ठरलंय ते असं. पाणी पाजणं, भांगलण, राखण त्याची. खताचा खर्च निम्मा, ऊस निम्मा. म्हशीला उसाचं वाडं लागेल तेवढं तुमचं, त्यात वाटणी नाही, हे मी त्याच्या आईसमोर बोलून घेतलंय. ओढ्याकडचा तोडीला आलेला ऊस पूर्ण तुमचा. घरामागचे वीस गुंठे तुमचेच, तिथला शाळू, हरभरा, मेथी, पावट्याचा वेल, सगळं. सातबाऱ्याला कुणी हात लावलेला नाही. कागदही केला नाही. शिवादादाच्या वडिलांचा शब्द कसा होता ते तुम्हीच मला शंभर वेळा सांगितलंय, त्यावर मी हे केलं.

"मला विचारलं का नाही?" विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तुम्ही नाही म्हटल्यावर मला पुढं जाता आलं नसतं. माझ्याकडं एवढंच उत्तर आहे, आणि ते काही फार चांगलं नाही.

आण्णा, पायात उसाचा खुंट घुसला आणि तुम्हाला कळलं नाही. सकाळी आईनं वाकळेवर रक्त बघितलं तेव्हा कळलं. आणि मला कधी कळलं? आठ दिवसांनी, "पाय जरा सुजलाय" असं म्हशीच्या दुधाच्या बोलण्यात मध्येच घालून. मी धावत आले, ड्रेसिंग केलं, तुम्हाला हसत हसत बोलले. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वॉर्डात अंगठा काढलेली, टाच कापलेली माणसं असतात. कधी लागलं असं विचारलं की कितीकांना सांगता येत नाही. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. रात्री एकच्या लाईटला बॅटरी घेऊन, अनवाणी, गार पाण्यात तासन्‌तास. वर थंडीत शिरा आखडतात आणि तुमचं बीपी आणखी चढतं. एक एक गोष्ट मी पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगते. घरात सांगायचं म्हटलं की माझीच जीभ अडकते.

तुम्ही म्हणालात, "मेंढपाळांनाही रात्रीच देवदूत भेटला, दिवसा नाही." आण्णा, मी लूकचा दुसरा अध्याय पुन्हा काढून बघितला. ते मेंढपाळ एकाहत्तर वर्षांचे होते असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. आणि त्यांच्या रानात गवासुद्धा येत नव्हता.

पण मी काय काढून घेतलंय ते मला कळतं. दारं धरताना तुम्ही गीत म्हणता. एक गीत संपलं की एक सरी भरते, हे तुमचं घड्याळ. लहान असताना मी आणि सुहास खोपीत वाकळेत गुरफटून ते ऐकायचो. चौथं गीत सुरू व्हायच्या आत झोप लागायची. मला अजून पाचवं गीत कोणतं ते माहीत नाही. घरामागच्या वीस गुंठ्यांत दिवसाच्या लाईटला पाणी पाजा, तिथं म्हणा. सऱ्या आखूड आहेत, कडवी कमी करावी लागतील.

सुहास असता तर हे त्यानं केलं असतं, जास्त चांगलं केलं असतं, तुम्हाला राग न येता केलं असतं. मी मोठी असून मला तसं जमत नाही. तुम्ही नाव रूथ ठेवलंत, आणि मी शेतात सरवा वेचायचं सोडून पुण्यात येऊन बसले. इथं अजून "मी आलो, मी जेवलो" म्हटलं की मुली हसतात. मी म्हणते, कोल्हापूरकडं बाया असंच बोलतात, या एकदा रस्सा प्यायला.

रश्श्यावरून आठवलं. आई, गेल्या नाताळाला ड्युटीवरून येऊन मी पांढरा रस्सा केला आणि फुटला. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही, तू शंभरदा सांगितलेलं. मी घातलं शेवटीच, पण फोन आला आणि गॅस मोठाच राहिला. खोलीतल्या पोरींनी वाटी वाटी प्यायला, छान आहे म्हणाल्या. त्यांना काय माहीत. मी मात्र तुझी चूल आठवत बसले. सकाळी चुलीपुढं तू शाळूची भाकरी थापतेस, तव्यावर मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजून तिथंच वाटीच्या बुडानं खर्डा रगडतेस, आणि आण्णा हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणतात, दंवानं ओला. त्यावर कांदा, मीठ आणि कच्चं तेल. इथं हरभऱ्याची भाजी जुडीनं मिळते, पण तिला दंव नसतं.

आता गुळाचं. आई, आण्णांना चहात गूळ घालून देतेस हे मला शिवादादाच्या आईनं सांगितलं. गुळानं साखर वाढत नाही ही गोष्ट गुऱ्हाळवाल्यांनीच उठवली असणार. रक्ताला गूळ आणि साखर सारखेच. कोल्हापूरच्या माणसाला हे पटवणं म्हणजे पन्हाळा हलवणं, तरी सांगते. काकवीही नको. बोट बुडवूनही नको, आण्णा, बोटाचं मला कळतं.

गुऱ्हाळाची तुमची सवय मला माहीत नाही का? थंडीत पहाटे काहिलीशेजारी उभं राहायचं, चुलवाण्या चिपाडं सारत असायचा, गुळव्या भेंडीचं पाणी टाकून मळी काढायचा, आणि रस घट्ट झाला की तुम्ही उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून आधी मला द्यायचा. सुहास रडायचा. मग त्याला माझ्यापेक्षा मोठा मिळायचा. आणि गुळाचा पहिला रवा कापणीच्या सणाला चर्चमध्ये. लिलावात तुम्ही आपलाच रवा सगळ्यांपेक्षा जास्त बोली लावून परत घरी आणलात, ते आई अजून हसत सांगते. पाळकसाहेब पुढं तुम्हाला बोली लावू देईनात, आठवतं? आता आठवण काढून तोंड गोड करा.

आई, आता तुझ्यासाठी. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेव, बर्फाच्या खणाजवळ नाही, गोठलं की वाया जातं. रोज रात्री आण्णांचे पाय उजेडात बघ, बोटांच्या मधेसुद्धा, वाकता येत नसेल तर आरसा धर. पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी किती कोमट ते तुझ्या हातानं बघायचं, त्यांच्या पायानं नाही. शेकोटीजवळ पाय न्यायचे नाहीत, भाजलेलंही कळणार नाही. आणि खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडकी लावून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घोंगडं आहे, दोन वाकळा आहेत, मी शाल पाठवते आहे, पुरे. साखर फार उतरून हातपाय थरथर कापले, घाम सुटला तर मात्र लगेच साखर द्यायची, तेव्हा गूळही चालतो. आण्णा, खोटं खोटं कापू नका.

फराळाचं सगळं एकटीनं करू नकोस. चकल्या महिला मंडळाच्या बायांबरोबर कर. शंकरपाळ्या मी आल्यावर. करंज्या तूच कर, माझ्या फुटतात. आण्णांना एक करंजी, मी बसून मोजणार. २५ तारखेला रस्सा दोन्ही हवा, पांढऱ्यावर मी उभी राहणार, फोन बंद ठेवून.

गव्हाणीतला देखावा यंदाही करूया. सुहासनं कापडाचा बाळ येशू ठेवला आणि म्हशीनं खालचा कडबा ओढून खाल्ला, तेव्हापासून आपण बाळाला कडब्यावर नाही, पोत्यावर ठेवतो. पोतं तेच आहे का? धुवायचं नाही हं ते.

मला २४ ते २६ सुट्टी मिळाली आहे. २३ च्या रात्री निघेन, पहाटे वाठारला उतरेन. आण्णा, घ्यायला येऊ नका. पहाटेची थंडी असते, शिवादादा मोटारसायकल घेऊन येतो म्हणालाय. मी आणलेले बूट अजून खोक्यातच आहेत असं आईनं सांगितलं. ते उपासनेला घालायचे बूट नाहीत, रोजचे आहेत. घालायच्या आधी उलटे करून झटका, विंचू असतो, आणि आत हात घालून खडा आहे का बघा.

आणि तरी तुम्ही वाठारला आलातच, तर ते बूट घालून या. आधी तुमच्या पायांकडं बघेन.

तुमची,
रूथ