ठाण्याच्या गच्चीवरून मिथुन उल्कावर्षाव

पुणे, २८ नोव्हेंबर २०२६

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरून डिसेंबरमधल्या मिथुन वर्षावाच्या उल्का दिसतील का, असं विचारलंस. दिसतील. फक्त पेपरात येणारा 'ताशी १२०' हा आकडा मनातून काढून टाक. वर्षावाचा केंद्रबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा, थेट डोक्यावर आहे आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतकं आकाश काळं आहे, असं धरून तो काढतात. प्रत म्हणजे ताऱ्याच्या ठळकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. मिथुनच्या बाबतीत ही मंदात मंद ताऱ्याची मर्यादा एका प्रतीने घसरली की उल्का साधारण अडीचपटीने घटतात. म्हणजे ४.५ प्रतीच्या आकाशात ताशी वीसच्या आत, ४ च्या आकाशात दहा-बारा. शहरातून एवढ्या दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली असं मी म्हणेन.

गच्चीची मर्यादा आधी मोजून घे. रात्री अकराच्या सुमारास कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा तो छोटा झुबका, जवळजवळ डोक्यावर असतात. चष्मा लावून नीट मोज. सहा तारे सुटे दिसले तर मर्यादा ४.३ च्या आसपास, चारच दिसले तर ३.९.

महाराष्ट्रातल्या शहरातून एकच रात्र जागायची असेल तर ती मिथुनचीच. ऑगस्टमधला ययाती वर्षाव पावसाळी ढगांत जातो. नोव्हेंबरमधल्या सिंह वर्षावाच्या उल्का सेकंदाला ७१ किमी वेगाने येतात, त्यामुळे नजर वळेपर्यंत संपतात. मिथुनच्या ३५ किमी वेगाने येतात, म्हणून जरा रेंगाळतात आणि डोळ्याला सापडतात. त्यांचं मूळ नेहमीसारखा धूमकेतू नसून १९८३ साली सापडलेला '३२०० फेथॉन' हा लघुग्रह आहे. त्याचे कण जास्त घट्ट, आणि ठळक उल्काही भरपूर. झगमगाटातून ठळकच निभावतात.

यंदा ९ डिसेंबरला अमावास्या आहे. वर्षाव भरात असतो त्या १३ आणि १४, दोन्ही रात्री चंद्र मध्यरात्रीच्या बराच आधी मावळेल. केंद्रबिंदू कॅस्टरजवळ असतो. पुनर्वसूच्या जोडीतला उत्तरेकडचा, किंचित मंद तारा तो. आठच्या सुमारास तो ईशान्येला उगवतो, पण दहा वाजताही क्षितिजापासून तीस अंशांच्या खालीच असतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त उल्का हुकतात. अडीचला तो पंच्याहत्तर अंशांच्या वर जातो. म्हणून झोप काढून एक ते चार बस. तोवर घरांतले दिवेही मालवलेले असतात. संध्याकाळी लवकर एखादी लांबलचक, संथ उल्का क्षितिजालगत सरकताना दिसते, पण तिच्यासाठी ताटकळू नकोस, डिसेंबरच्या धुरक्यात ती बहुधा हरवते.

जागा निवडताना दोन प्रकारचे उजेड वेगळे धर. धुरक्यावर पसरलेल्या शहराच्या उजेडाला इलाज नाही, पण समोरच्या दिव्याला आहे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाक, तरीही उजेड डोळ्यात आला तर काळी छत्री उघडून त्या बाजूला आडवी ठेव. केंद्राकडे टक लावून बघू नकोस, तिथल्या उल्का आखूड दिसतात. त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश दूरचा, सगळ्यात काळा तुकडा शोध. येऊरच्या डोंगराच्या बाजूला दिवे कमी आहेत, पण डोंगरापलीकडे बोरिवली उजळलेली असते, म्हणून डोंगरालगतचं आकाश सोडून बरंच वर बघ.

डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती सगळी वाया जातात. लोकांना काही दिसत नाही ते बहुतेक यामुळे. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लाव. नोंदीसाठी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू कर, वेळ मोठ्याने सांग आणि तो पालथा ठेवून दे. उल्का दिसली की नुसतं बोलायचं: मिथुनची की नाही, आणि किती ठळक. तिची रेघ मनाने मागे वाढव, कॅस्टरपाशी पोचली तर मिथुनची. ठळकपणासाठी व्याध उणे १.५, ब्रह्महृदय ०.१, रोहिणी ०.९, कॅस्टर १.६ हे लक्षात ठेव. लुकलुकत जाणारी विमानं आणि मिनिटभराहून जास्त वेळ सरकत राहणारे उपग्रह मोजायचे नाहीत.

कॅमेरा नेणार असशील तर रुंद लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००, फोकस हाताने ताऱ्यावर. गावाबाहेर चालणारं वीस-पंचवीस सेकंदांचं एक्स्पोजर ठाण्यात पांढरंफटक होईल. पाच ते आठ सेकंदांवर ठेव आणि लागोपाठ फोटो घेऊ दे.

गच्चीची किल्ली सोसायटीकडून आधीच मागून ठेव, रात्री एक वाजता वॉचमनला उठवावं लागायला नको. १४ च्या रात्री मैत्रिणी तयार असतील तर शहराच्या झगमगाटापासून दूर, कर्जत लाईनवर वांगणीला जा. एकटी जाऊ नकोस, आणि शेवटची लोकल चुकवून पहाटेच्या लोकलने परतायचं ठरवूनच नीघ.

तुझी,
आई