खिडकीवर मुलालाच येऊ द्या

मा. संपादक,
स. न.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी आपल्या दैनिकाची पुरवणी येते. पेढे भरवतानाचे फोटो, पंच्याण्णव टक्केवाल्यांच्या मुलाखती, करिअर समुपदेशकांचे 'आवड ओळखा', 'ध्येय ठरवा' असे लेख. वाचायला बरं वाटतं. पण अकरावीत येणारी पोरं मी ज्या जागेवरून पाहिली, तिथलं कुणी काही विचारत नाही, म्हणून हे पत्र. नाशिकमधल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात मी लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. कॉलेजचं नाव लिहीत नाही. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत जाऊन उभं राहा, हेच दिसेल.

खिडकीला टेकून वडील उभे. हातात फाईल, कपाळावर घाम. मुलगा दोन पावलं मागे, मोबाईलमध्ये मान घालून. मी विचारायचे, "नाव काय रे तुझं?" उत्तर वडील द्यायचे. "विषय कोणते घेणार?" वडीलच सांगायचे, "सायन्स द्या मॅडम." "बायोलॉजी ठेवणार की बायफोकल घेणार?" इथे मात्र वडील मागे वळायचे, आणि मुलगा खांदे उडवायचा. आता बायफोकल म्हणजे दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि गणित-बायोलॉजीपैकी एक विषय जातो. मेडिकल मनात असेल तर बायोलॉजी सोडून चालत नाही, इंजिनीअरिंग मनात असेल तर गणित सोडून चालत नाही. पुढच्या दोन वर्षांचा एवढा मोठा निर्णय, आणि तो ज्याचा आहे तो रांगेत उभा राहून रील बघतोय. मागून पुढचे पालक ओरडतायत, "चला, आटपा लवकर." मग वडील म्हणायचे, "त्याच्या मित्रानं काय घेतलंय, तेच लिहा."

शाळेत निरोप मुलापर्यंत चालत येतो. शिपाई वही घेऊन वर्गात येतो, बाई वाचून दाखवतात, डायरीत लिहून घेतात आणि घरून सही आणायला लावतात. कॉलेजात नोटीस लागते आणि तिथे विषय संपतो. स्कॉलरशिपचा अर्ज असो, परीक्षेचा फॉर्म असो की नावाची दुरुस्ती, शेवटची तारीख उलटल्यावर आलेला विद्यार्थी हमखास एकच वाक्य बोलतो, "मॅडम, आम्हाला कुणी सांगितलंच नाही." खरंच कुणी सांगितलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्या सुट्टी आहे की नाही, एवढंच फिरत असतं, आणि तेही बऱ्याचदा खोटं निघतं.

म्हणून माझं पालकांना सांगणं एवढंच, की ऑफिसचं काम मुलालाच करू द्या. तुम्ही हवं तर बाहेर कट्ट्यावर बसा. पैसे तुमचे, सही तुमची, पण फॉर्म त्यानं भरावा, खिडकीवर त्यानं बोलावं आणि पावती त्यानं वाचावी.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी माझ्या अजून लक्षात आहे. बरोबर आई होती, ती शाळेत गेलेली नव्हती आणि ऑफिसच्या दाराशीच बसून राहिली. मुलीकडे कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दाखला, मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, टाचणी लावून वेगवेगळे गठ्ठे. प्रत्येक झेरॉक्सवर खाली स्वतःची सही करून आणलेली. फी भरली, पावती घेतली आणि गेली नाही. पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ही कशाची?" ती होती अनामत रक्कम. मी सांगितलं, ही कॉलेज सोडताना परत मिळते, पावती जपून ठेव. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून घेतलं. मग नोटीस बोर्डापाशी उभी राहून तिथलं सगळं उतरवून घेतलं, अगदी बारावीच्या नोटिशीसुद्धा. दोन वर्षांनी अनामत मागायला ती आली तेव्हा पावती तिच्याकडे होती. बहुतेकांची अनामत तशीच पडून राहते. कारण पावती आईनं कुठल्या तरी डब्यात ठेवलेली असते आणि तो डबा कुठे आहे ते कुणालाच आठवत नसतं.

ऑनलाईन फॉर्मचंही तेच. अकरावीचे केंद्रीय प्रवेश, म्हणजे सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एकच ऑनलाईन अर्ज, शहरात आधीपासून होते, २०२५-२६ पासून ते राज्यभर झाले. म्हणजे दिंडोरी, निफाड, सिन्नरची पोरंही आता त्याच रांगेत. हा फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कॅफेवाला पसंतीक्रमात आपल्या मनाला येतील ती कॉलेजं टाकतो आणि वर मोबाईल नंबर स्वतःचा देतो. म्हणजे पुढे पोरगं खिडकीवर, कॅफेवाला पंचवटीत आणि ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर! पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. त्यामुळे पहिल्या नंबरवर काय टाकलंय हे पोराला तोंडपाठ हवं. एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा तुकड्या असू शकतात. नाव तेच, इमारत तीच, पण फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही, इतर किरकोळ फी तेवढी भरावी लागते. हे सगळं फॉर्म भरताना दिसत असतं, पण वाचतो कोण? फीचा आकडा खिडकीवर कळतो आणि मग बाप माझ्याशी भांडतो.

वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याच्या तारखाही वेगळ्या. कॉलेज मिळालं म्हणून खोली मिळेल अशा भरवशावर सुरगाण्याहून गादी बांधून आलेली पोरं मी पाहिली आहेत.

आता जात पडताळणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण रडारड सगळ्यात जास्त तिथेच होते. राखीव जागेवर इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, कशालाही जायचं तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. आणि नुसता विद्यार्थ्याचा दाखला पुरत नाही. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा. तो काढायला गावी जावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर कपाट उघडणार, वाळवीनं खाल्लेलं रजिस्टर काढणार, आणि त्यात आजोबांचं नाव नुसतं 'रामा सखाराम' असं, आडनावच नाही. मग ते रामा म्हणजे आपलेच आजोबा हे सिद्ध करत बसायचं. हे काम बारावीचा निकाल लागल्यावर जूनमध्ये सुरू करून होत नाही. अकरावीच्या दिवाळीत गावी जाल तेव्हा आजोबांच्या शाळेत एक चक्कर मारा. नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, पडताळणी समितीकडे, पोरं हेलपाटे घालतात, त्यातले अर्धे हेलपाटे त्याच एका चकरेत वाचतील. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे, त्यांनी चुकून दुसऱ्या समितीच्या दारात दिवस घालवू नये.

नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे ओबीसी वगैरेंना लागणारं उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, प्रांत कार्यालयातून मिळतं, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, आणि दोन्हीला मुदत असते. निकालानंतर सेतूवर, म्हणजे दाखल्यांच्या सरकारी केंद्रांवर, काय गर्दी उसळते ते नाशिककरांना सांगायला नको. हेच अर्ज आधी, गर्दी नसताना केले तर शांतपणे होतात. आणि दाखला हातात पडला की आधी मुदत बघा.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला अकरावीला कॉलेजात जमा होतो. जमा करण्याआधी त्याच्या प्रती काढून ठेवा आणि त्यावरचं स्वतःचं नाव नीट वाचा. आधारवर 'ज्ञानेश्वर', दाखल्यावर 'न्यानेश्वर', बँकेत 'डी. के.' अशी त्रिमूर्ती असली की महाडीबीटीची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची, स्कॉलरशिप अडकलीच म्हणून समजा. दहावीच्या मार्कशीटवरच्या चुका शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडून दुरुस्त करून घ्याव्या लागतात. तेव्हा शाळेतल्या कारकुनांशी रामराम चालू ठेवलेला बरा.

अभ्यासावर मी काय बोलणार, तो सरांचा प्रांत. पण एक गोष्ट खिडकीतून दिसते, ती सांगते. हल्ली क्लासचं आणि कॉलेजचं साटंलोटं असतं. पोरगं दोन वर्षं क्लासमध्ये बसतं, कॉलेजात नाव तेवढं. सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश सरकारनं २०१८ मध्ये काढला होता, त्याचं पुढे काय झालं ते आपले वार्ताहर मला विचारण्यापेक्षा कॉलेजांनाच विचारतील तर बरं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांत प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. त्यासाठी जर्नल पूर्ण हवं, त्यावर सरांची सही हवी. जानेवारीत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरं फुटपाथवर मांडी घालून रात्री आठपर्यंत दुसऱ्याचं जर्नल उतरवत बसलेली असतात. टायट्रेशनची रीडिंगसुद्धा सगळ्यांची एकच, दशांशापर्यंत. एकदा एका मुलानं मूळ मालकाचा रोल नंबरसुद्धा तसाच उतरवला होता. जर्नल घेऊन सर हसत हसत ऑफिसात आले, आणि तो मुलगा बाहेर रडवेला होऊन उभा. आणखी एकानं हॉल तिकीट घ्यायला आल्यावर मला विचारलं होतं, "लॅब कोणत्या मजल्यावर आहे?" दोन वर्षांची फी भरलेला मुलगा!

इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी सीईटी देणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की अकरावीचं वर्ष आरामाचं नाही. एमएचटी-सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि ऐंशी टक्के बारावीच्या. आणि बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात. पुस्तक मिळालं नाही, ही सबब मी पुरेशी ऐकली आहे.

ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मुलांनाही मासिक पासात मोठी सवलत मिळते, फक्त एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. तरी रोज पूर्ण तिकीट काढून येणारी पोरं असतात, कारण पास काढायला बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, लागतं आणि बोनाफाईड मागायला ती लाजतात. पंधरा-सोळा वर्षांचं पोर खिडकीवर येतं, आत बघतं, कुणी मान वर केली नाही की गुपचूप निघून जातं. अशांना मी खिडकीतून हाक मारून परत बोलवायचे. सगळे तसं करतील असं नाही.

ऑफिसातली माणसं खेकसतात, ही तक्रार खोटी नाही. पण शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली. स्कॉलरशिप, परीक्षा, दाखले आणि फी एकाच बाईकडे, वर सर्व्हर डाऊन. तिच्या टेबलावर पोरानं अर्धवट भरलेला फॉर्म टाकला आणि "बाकीचं तुम्ही बघा" म्हटलं, तर ती काय ओवाळणार आहे? पूर्ण भरलेला फॉर्म, त्याला झेरॉक्स जोडलेल्या आणि सकाळी लवकर आलेलं पोर, असं काम कुणीही मुकाट्यानं करून देतं. आणि खरंच अडवलं, तर तोंडी भांडत बसू नये. प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहावा, आवकमध्ये, म्हणजे आलेले कागद नोंदवतात त्या टेबलावर, द्यावा आणि पोच घ्यावी. पोच मागणाऱ्या विद्यार्थ्याचं काम लवकर होतं, हे मी आत बसून पाहिलं आहे.

तर संपादक महोदय, यंदाच्या पुरवणीत फोटोंची एक पट्टी कमी करून तिथे चौकट छापता येईल का? कोणता दाखला, कोणत्या कार्यालयातून, मुदत किती आणि बरोबर कोणते कागद. नाशिक शहराची वेगळी, तालुक्यांची वेगळी. प्रवेशाच्या फेरीची तारीख बदलली की तीही पहिल्या पानावर, जाहिरातीच्या खाली दडलेली नको. कागदांची यादी मी लिहून देईन. सध्या वेळच वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
सिडको, नाशिक
(नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)