कारण... नंतरची तीन सेकंदं

लाइपझिग,
१२ नोव्हेंबर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गातली मुलं जर्मनच्या पेपरात उत्तम लिहितात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात, असं लिहिलंस. व्याकरण आणखी घोटून घेण्याआधी, मूल अडखळतं तेव्हा तुझा चेहरा कसा होतो, ते बघ.

‘वाइल’चंच घे. ‘वाइल’ म्हणजे कारण, आणि त्यानंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. ‘वाइल इश हॉइटं क्रांक...’ (कारण मी आज आजारी...) इथे मूल थांबतं, कारण ‘बिन’ (आहे) अजून यायचंय. घाईतली शिक्षिका नेमकं तेव्हाच ‘बिन!’ म्हणते. वाक्य पुरं झालं, पण ते मुलाचं राहिलं नाही. दोनचारदा असं झालं की मूल ‘वाइल’ वापरणंच सोडतं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत दिसलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबतात. भाषेच्या वर्गात तर ही ३ सेकंदं हवीतच. मनात मोज, आणि भुवया वर नेऊ नकोस.

भीती शब्द शोधायलाच जागा ठेवत नाही. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातली धास्ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. त्यात एक आहे, शिक्षक माझी प्रत्येक चूक पकडायला टपलेले असतात ही भीती.

‘सोपं आहे’ कधीच म्हणू नकोस. सोपं असूनही जमलं नाही, तर मूल स्वतःला ढ ठरवतं. ‘किर्ह्यं’ (चर्च) म्हणायचं आणि ‘किर्शं’ (चेरी) बाहेर पडलं, तर हसू आवर. तू हसलीस की वर्ग हसतो. ‘किर्ह्यं’साठी ‘ह्या’मधला ह् आवाज न करता, नुसत्या हवेने सोडायला सांग.

पण खोटं हसूही नको, ते मुलांना लगेच कळतं. दमली असशील तर सांगून टाक: आज डोकं दुखतंय, तुमच्यामुळे नाही. न सांगितलेला आंबट चेहरा प्रत्येक जण स्वतःच्या चुकीला जोडतो. प्रत्येक वाक्याला ‘सुपर’ म्हणण्यापेक्षा ‘क्रियापद बरोबर शेवटी नेलंस’ म्हण.

मुलांना विचारून तासाची १० मिनिटं फोनवर रेकॉर्ड कर. तुझ्या प्रश्नानंतर किती सेकंदांनी तू पुन्हा बोलतेस, ते लिहून काढ आणि आकडे मला कळव.

ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी