‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा

मा. संपादक, स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झाले. नववीतला एक मुलगा हजेरीला ‘हजर’ म्हणाला की मागच्या बाकांवरून त्याच्या आवाजाची नक्कल होई, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा उघडायला कोणी बसत नसे. पाढे आणि सूत्रे त्याला तोंडपाठ होती. पण शाब्दिक उदाहरण घातले की तो वहीवर पेन्सिल टेकवून नुसता बसून राही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे लिहिले. आपण समलिंगी आहोत, हे त्याने मला बऱ्याच वर्षांनी सांगितले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 2002 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग वाचताना मला तो मुलगा आठवला. ‘तुम्ही पुढे आयुष्यात एकटे पडाल’ असे ज्या विद्यार्थ्यांना खोटेच सांगितले गेले, त्यांची तर्काने सोडवायच्या प्रश्नांतील कामगिरी घसरली आणि वाचलेला अवघड मजकूर प्रयत्नपूर्वक आठवणेही त्यांना जड गेले. घोकंपट्टी मात्र शाबूत राहिली. ‘तुम्हाला वारंवार अपघात होतील’ असे ज्यांना सांगितले, त्यांच्यात ही घसरण दिसली नाही, म्हणजे वाईट भाकिताची भीती हे तिचे कारण नव्हते. हे प्रयोग सर्वसाधारण विद्यार्थ्यांवरचे होते आणि तेथील वाक्य खोटे असल्याचे त्यांना नंतर सांगितले गेले. आपल्याकडच्या समलिंगी वा तृतीयपंथी मुलाला तसे सांगणारे कोणी नसते. वर्गात, घरात, गल्लीत तो सतत कानोसा घेत राहतो, चाल आणि आवाज सांभाळतो, आणि आकडे मनात धरून ठेवायला जे अवधान हवे तेच या राखणीत खर्ची पडते.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर 2016 सालीच लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत आणला. पण तो नियम महाविद्यालयांपुरता आहे, आणि ही नक्कल त्याच्या कितीतरी आधी, शाळेत सुरू होते. शालेय शिक्षण विभागाने शिक्षक प्रशिक्षणात हा विषय घ्यावा, आणि ‘लक्ष नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या शेजारी कोण बसते एवढे वर्गशिक्षकाने पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती नक्कल मला ऐकू येत असे, आणि मी पुढचा हजेरी क्रमांक पुकारत असे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा