चुना फक्त अमोनिया ओळखतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर परवा 'खरे डीएपी असे ओळखा' ही चौकट आली. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट हे दाणेदार खत. चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूसारखा चुना लावून मळा, नाकाला झोंबलं तर खत अस्सल. तेव्हापासून आमच्या काउंटरवर चुन्याच्या डब्या निघायला लागल्या. "भाऊ, हाई खत खरं शे ना?" म्हणत माणसं मळतात, हुंगतात, शेजाऱ्याच्या नाकाखाली धरतात. मी खतविक्रेता, त्यामुळे यात माझा स्वार्थ दिसेल. दिसू दे. चौकटीतलं अर्धंच खरं आहे.

तो वास अमोनियाचा. पोत्यावर बारीक अक्षरांत 'अमोनियाकल नायट्रोजन' अशी ओळ असते. अमोनियमच्या रूपातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, ते हेच. त्याला चुना लागला, जराशी ओल मिळाली, की अमोनिया वायू होऊन सुटतो. डीएपीत नत्र १८ टक्के. त्या १८ पैकी किमान १५.५ अमोनियाकल हवं, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. म्हणून वास येतो. पण शेतकरी पोत्यामागे १३५० रुपये मोजतो ते मुख्यतः ४६ टक्के स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी), आणि त्याबद्दल चुन्याला काहीच कळत नाही. अमोनियम सल्फेट मळून बघा, तेही तसंच झोंबतं, आणि त्यात स्फुरद औषधालाही नसतं. २०:२०:०:१३ (नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांचे टक्के) हे खतसुद्धा वास देतं. त्यात स्फुरद डीएपीच्या निम्म्याहून कमी.

युरियाची गंमत उलटी. नत्र ४६ टक्के, तरी चुन्यासोबत मळला तर नाकाला पत्ता नाही, कारण ते नत्र अमोनियम नव्हे, अमाइड या वेगळ्या रूपातलं. जमिनीतलं युरिएज हे विकर त्याचं अमोनियम करतं, त्याला थोडा वेळ लागतो. गेल्या हंगामात एक गिऱ्हाईक 'वास येत नाही, माल नकली' म्हणून युरियाचं अख्खं पोतं मोटारसायकलवर टाकून परत घेऊन आलं. त्यांची समजूत घालता घालता दुपार गेली.

चाचणी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. डीएपीच्या पोत्यात दाणेदार सुपर फॉस्फेट भरून विकायची लबाडी चुना जागेवर पकडतो, कारण सुपर फॉस्फेटमध्ये नत्रच नाही. वास नाही तर ते डीएपी नाही, एवढं पक्कं. वास आला म्हणून ते डीएपीच, हे मात्र नाही.

आता आपल्या पानाने खरं तर हे छापायला हवं होतं: जे तळहातावर होतं तेच शेतातही होतं. तापीकाठच्या आमच्या काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर, सामू (पीएच) आठच्या आसपास. तिथे अमोनियाकल खत उघड्यावर फेकलं की नत्र हवेत जातं. युरिया तर ओल्या जमिनीवर तसाच पडू दिला की आधी अमोनियम होतो आणि मग उडतो. मे महिन्यात बागायती कापसाला, उन्हाच्या तडाख्यात, हाताने फोकून देणारे कितीतरी आहेत. केळीला खोडाभोवती रिंगण करून टाकतात, पण माती ओढायचा कंटाळा. चार बोटं मातीआड गेलं तर मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात. नुसती माती ओढायची, तिला पैसे पडत नाहीत.

चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती. सोबत हेही छापावं, की शंका आली तर पावती जपून ठेवा, पोतं फोडू नका आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. खत निरीक्षक रीतसर नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात, आणि स्फुरद किती आहे ते तिथेच कळतं.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक
ता. चोपडा, जि. जळगाव