ओंकार, त्या पोराबद्दल

प्रिय ओंकार,

शिकागोला पोचलास, ड्राफ्टच्या आधी पोरांची मोजमापं आणि तपासण्या करतात त्या कॉम्बाईनला, हॉटेलचा फोटो बघितला, बाबांनी तो सगळ्या ग्रुपवर टाकला पण. रविवारी फोन तू ठेवलास की कट झाला ते मी विचारत नाहीये, असेल तुझी मीटिंग. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. व्हॉट्सॅपवर मोठं लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस म्हणून ही मेल. घाईत वाचू नको, रात्री सगळं आटोपलं की वाच, आणि त्या आधी जेव.

पहिल्यांदा चांगलं लिहिते. तुझ्या गळ्यातल्या पासवर एनबीएच्या, अमेरिकेतल्या त्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, टीमचं नाव आणि खाली आपलं आडनाव, तो फोटो मोठा करून बघितला मी. 2015 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या टीम नंबराने नवी पोरं निवडतात त्यात, सतनाम सिंगचं नाव आलं तेव्हा तू शाळेला दांडी मारून टीव्हीपुढे बसला होतास, आठवतं? पहाटे साडेपाचपासून. 52 वा नंबर, डॅलस. पंजाबातल्या एका खेड्यातलं सात फुटांवरचं पोरगं, भारतात जन्मलेला पहिलाच ड्राफ्ट झालेला खेळाडू, आणि तू उड्या मारून खालच्या काकूंना जागं केलंस. आजी विचारत होती की पंजाबातल्या पोराला अमेरिकेत नोकरी लागली तर आपण पेढे का वाटायचे. आज ती असती तर तिला सांगितलं असतं की त्या पोरांना निवडणाऱ्यांच्या खोलीत आता आपला ओंकार बसतो. अगदी मागच्या खुर्चीवर का असेना. तुझं काम मी मावशीला समजावून सांगते तेव्हा मला स्वतःलाच भारी वाटतं, सगळं सांगते, अनवाणी उंची मोजतात, हात पसरून विंगस्पॅन मोजतात, उभ्या उभ्या हात वर करून कुठे पोचतो ते मोजतात, उडी, धाव, मग डॉक्टर, मग खोलीत बसवून प्रश्न. मावशी म्हणाली लग्नाला पण एवढं बघत नाहीत.

बरं. त्या पोराचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते.

तू नाव सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस, ते गुपितच राहायला पाहिजे, आणि मला नाव नकोच आहे. पण एकोणीस वर्षांचं पोरगं, शाळेत असताना गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तू हसत हसत म्हणालास "उडवला त्याला बोर्डवरून, दोन मिनिटांत", म्हणजे तुमच्या निवडीच्या यादीवरून. मी म्हटलं दोन मिनिटांत? तर तू म्हणालास आई तुला बिझनेस कळत नाही. बिझनेस मला कळतो ओंकार. पहिल्या राउंडमध्ये घेतलं की दोन वर्षांचे पैसे पक्के द्यायचे, तो खेळो नाहीतर बसो. यंदा, 2025 ला, दोन्ही राउंड मिळून 59 नावं, आणि एक चुकलं की तुमच्या मोठ्या साहेबांची खुर्ची जाते. परवा पहिला नंबर कोणाला ते ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसला 1.8 टक्के चान्स असताना पहिला नंबर लागला आणि अख्ख्या क्लबचं नशीब एका रात्रीत पालटलं, त्या अठरा वर्षांच्या कूपर फ्लॅगच्या जोरावर. एवढं सगळं एका पोरावर लावायचं म्हणजे भीती वाटणारच, ते मला कळतं. मला फक्त ते हसणं कळलं नाही.

पोर्टलंडचंच बघ ना, तूच मला सांगितलं होतंस. 1984 ला दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला, कॉलेजात पायाचं हाड मोडून दोन सीझन घरी बसलेला, आणि तिसऱ्या नंबरवर जॉर्डन गेला. मग 2007 ला पहिल्या नंबरवर ग्रेग ओडेन, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिला सीझन सुरू व्हायच्या आधीच झालं, सगळ्या करिअरमध्ये मिळून 105 मॅच, आणि दुसऱ्या नंबरवर ड्युरांट, पुढे एवढा मोठा स्टार झालेला, ज्याला कॉम्बाईनमध्ये 84 किलोचा बार एकदाही उचलता आला नव्हता. तुमच्या सगळ्यांच्या पोटात जो गोळा येतो तो इथून येतो हे मला मान्य आहे. पण इतकी वर्षं लोक बोवीला आणि ओडेनला नावं ठेवतात ते मला कधी पटलं नाही. बोवी 1995 पर्यंत खेळला रे, एवढी हाडं मोडून. त्यांनी कोणाला फसवलं? निवडणाऱ्याने निवडलं आणि शिव्या पोरांनी खाल्ल्या.

आणि उलट पण झालंय. डीहुआन ब्लेअर, दोन्ही गुडघ्यांत एसीएल, गुडघा धरून ठेवणारा तो लिगामेंट, नाही, एकाही नाही, 2009 ला सगळ्या टीमचे डॉक्टर घाबरले म्हणून 37 व्या नंबरपर्यंत घसरला, सॅन अँटोनियोने घेतला आणि पहिल्या वर्षी सगळ्याच्या सगळ्या 82 मॅच खेळला. मायकल पोर्टर ज्युनिअर पाठीच्या ऑपरेशनमुळे 2018 ला 14 व्यावर गेला, डेन्व्हरने त्याला अख्खं पहिलं वर्ष बसवून ठेवलं, आणि 2023 ला त्याच टीमकडून तो चॅम्पियन झाला. आता तू म्हणशील आई तू हवी तेवढीच उदाहरणं निवडतेस. निवडते. ज्यांचे गुडघे खरंच गेले त्यांची नावं आपल्याला माहीतच नसतात.

मेडिकल नको असं मी म्हणत नाहीये, हे नीट समजून घे. आयझाया ऑस्टिनचं आठवतं ना? 2014, बेलर कॉलेजचा तो सात फुटी, एका डोळ्याने दिसत नव्हतं तरी खेळायचा. ड्राफ्टच्या थोडेच दिवस आधी याच तपासण्यांतून मार्फन सिंड्रोम निघाला, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला धोका. तपासलं नसतं तर कोर्टवरच गेला असता कदाचित. पण मग काय केलं त्यांनी? 15 व्या आणि 16 व्या नावाच्या मध्ये लीगचा कमिशनर उभा राहिला आणि त्याचं नाव घेतलं, लीगने निवडला म्हणून, आणि सगळा हॉल उठून उभा. नाही म्हणायची पण एक रीत असते ओंकार. त्यांनी त्याला नाहीच म्हटलं होतं.

लेक्चर झालं. सॉरी. आईला मेल लिहायला बसवलं की असंच होणार.

तुझं शिक्षण कसलं आणि तू मला किती शिकवलंस ते पण लिहिते, नाहीतर म्हणशील नुसती चुकाच काढते. पूर्वी मी मॅच बघायचे तेव्हा ज्याचे थ्री, लांबून मारलेले तीन पॉइंटवाले, पडतायत तो चांगला एवढंच मला कळायचं. तू सांगितलंस की कॉलेजच्या एका सीझनमध्ये पोरगं शंभर-सव्वाशे थ्री मारतं, त्यावरून काही ठरत नाही, फ्री थ्रो बघ, हात कसा आहे ते तिथे कळतं, आणि कॉलेजची थ्रीची लाईन 6.75 मीटरवर असते, वर एनबीएत गेल्यावर 7.24. आणि वय. अठरा वर्षांच्याने केलेले पंधरा पॉइंट आणि बावीस वर्षांच्याने केलेले पंधरा पॉइंट सारखे नाहीत. हे मी आता क्लबमधल्या मुलींच्या कोचला सांगते आणि ती वहीत लिहून घेते. आणि मार्चमध्ये तू क्लिप पाठवलीस तेव्हा मी सांगितलं होतं ना की हा उडी मारून उतरताना सगळं वजन उजव्या पायावर घेतो, डावा नुसता टेकवतो, तर तू म्हणालास आई हे आमच्या शीटमध्ये नाहीये. तो दिवसभर मी कोणाशी धड बोलले नाही, इतकी खुशीत होते. युनिव्हर्सिटीला खेळले त्याचा एवढ्या वर्षांनी उपयोग झाला.

आता कळतंय ना मी का अस्वस्थ आहे? तो हाच पोरगा होता का, एवढंच मला सांग. नको, सांगू नको.

मंदारदादाचं तू लहान होतास म्हणून तुला अर्धंच आठवत असेल. ती निवड चाचणी. एका बाईंनी त्याला टेबलाशी बोलावलं, पॅन्ट वर करायला लावली, गुडघ्याच्या वाटीच्या बाजूला अंगठा दाबला, आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या सरांना म्हणाल्या, "हा दोन वर्षांत संपेल." त्याच्याशी एक शब्द नाही. पंधरा वर्षांचा होता. पुढच्याला बोलावलं. मी जाळीबाहेर उभी होते, मला ऐकू आलं, आणि मला ऐकू आलं हे त्याला दिसलं. घरी येताना स्कूटरवर मागे बसून त्याने क्रेप बँडेज सोडलं, आणि घरी येईपर्यंत ते मांडीवर ठेवून घट्ट गुंडाळत होता, सैल झालं की पुन्हा उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा, शेवटी क्लिप लावून माझ्या पर्समध्ये टाकलं. जेवला वगैरे नीट. पण ग्राउंडवर परत गेला नाही, ते नाहीच. तुला गच्चीवर फ्री थ्रो शिकवायचा तेवढंच. आता तो तिसऱ्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन चढतो आणि वर ओवीला खांद्यावर बसवून. त्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. आणि झालं असतं तरी, माझं म्हणणं तेच राहिलं असतं.

त्या बाई वाईट नव्हत्या, हे पण मी तुला सांगते. दिवसभर उन्हात बसल्या होत्या, दीडशे-दोनशे पोरं बघायची होती, सवय झाली होती. मला तुझी तीच भीती वाटते. तू वाईट होशील अशी नाही, तुला सवय होईल अशी. आत्ता कुठे दुसरा ड्राफ्ट तुझा. दहाव्या ड्राफ्टला तू कसा असशील? रोज स्क्रीनवर नाव, वय, विंगस्पॅन, गुडघा हिरवा, गुडघा पिवळा, गुडघा लाल. माणूस मऊच राहील असं काही नसतं. बाबा बँकेत लोनच्या फाइली बघायचे तेव्हाचे आठव, पहिली काही वर्षं घरी येऊन गप्प बसायचे, नंतर गप्प बसायचं पण थांबलं.

पुन्हा तिथेच आले. झालं, आता कामाचं लिहिते, कारण तुला "माणुसकी ठेव" असं म्हणून काही होणार नाही, तुझ्या वर दहा साहेब आहेत.

तुम्हाला खोलीत पोरांशी बोलायला थोडाच वेळ मिळतो ना, अर्धा तास. त्यात त्याला ते वर्ष विचारा. ज्या वर्षी तो खेळला नाही ते. फिजिओकडे कोण न्यायचं, पहिल्यांदा पाय टेकवला तेव्हा कुठे होता, टीमच्या मॅचला बेंचवर जाऊन बसायचा की घरी थांबायचा. हे मी दयेपोटी नाही सांगत, खेळाडू म्हणून सांगतेय. चालता पोरगा काय आहे ते तुमच्या कॅमेऱ्यांत सगळं येतं, पण बसलेला पोरगा काय आहे ते कुठे येतं? एमआरआयमध्ये गुडघा आज कसा आहे ते दिसतं. चोवीसाव्या वर्षी पहाटे उठून तो त्या गुडघ्यावर मेहनत घेईल की नाही, ते त्या वर्षात दिसेल. डेन्व्हरचा योकिच 41 वा गेला 2014 ला, त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, आणि पुढे तीनदा एमव्हीपी, सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू. त्याच्या उडीवर जे बसले होते त्यांना त्याचं डोकं दिसलं नाही. तुम्ही गुडघ्यावर बसलात.

आणि रिपोर्टमध्ये डॉक्टर काय म्हणाले ते वेगळं लिही, तुला काय वाटतं ते वेगळं. एकत्र कालवू नको. गुडघा लाल आहे तर लाल लिही, पण त्याच ओळीच्या खाली तो पास कसा देतो, मदतीला धावतो का, ते पण लिही, लाल आहे म्हणून बाकीचा कॉलम रिकामा सोडू नको. कारण आज तुमच्या बोर्डवरून गेला तरी ती फाइल राहते, दोन वर्षांनी कोणीतरी उघडेल आणि तुझ्या रिकाम्या कॉलमवरून ठरवेल. तुला काय मी सांगायचं, तुला जास्त कळतं. पण लिही.

बाकी सगळं ठीक. उन्हाने जीव नकोसा केलाय, कूलर रात्रभर चालू. बाबांची शुगर ठीक आहे, आंबे मोजून देते त्यांना. मंदारला हे सगळं लिहिलंय हे सांगितलेलं नाही, तू पण नको सांगू, पण त्याला फोन कर, तो तुझे कॉम्बाईनचे अपडेट ओवीला वाचून दाखवतो रात्री, बोलत नाही एवढंच. जूनमध्ये पहाटे मी आणि तो दोघं उठणार आहोत, चहाचं थर्मास काढून ठेवलंय आत्ताच.

आणि एक. त्या पोराचं नाव 59 मध्ये कुठेच आलं नाही, तर त्याला जुलैत लास व्हेगासच्या समर लीगला, नव्या पोरांना खेळवून बघतात तिथे, तुमच्याकडून बोलावता येईल का? फ्रेड व्हॅनव्लीटला 2016 च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, टोरँटोने समर लीगला खेळवलं आणि 2019 ला तो त्यांच्याकडून चॅम्पियन झाला. त्यात तुमचे पक्के पैसे अडकत नाहीत, डॉक्टरांना डोळ्यांसमोर गुडघा बघता येईल, आणि त्याला पाच मॅच मिळतील. साहेबांना विचारून बघ. नाही म्हणाले तर म्हणू दे, पण विचारलंस का ते मला कळव.

तुझी,
आई