“पुसू नका, मला बघायचंय ते”

आदरणीय डॉक्टर मॅडम,

रोज इतके पेशंट येतात, त्यात मी तुम्हाला आठवणारही नाही. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुमच्याकडे येईपर्यंत माझ्या टाळूवरच्या खाजेबद्दल आणि कोंड्याबद्दल माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं कळत होतं. ‘केस नीट धूत नाहीस’, ‘तेल चोपडून लाव’, ‘टेन्शन घेतेस’. एका डॉक्टरांनी मान वर न करता मलम लिहून दिलं; ते केसांतून टाळूपर्यंत पोचवायचं कसं, असं विचारलं तर घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्यांनी स्वच्छतेवर व्याख्यान झोडलं. कुणाला? झोपेत खाजवून जिच्या नखांना रक्त लागायचं, त्या बाईला!

तुम्ही डोकं पुढे करायला सांगितलंत आणि तुमच्या काळ्या टेबलावर कोंड्याचा सडा पडला. मी ओशाळून रुमालाने पुसायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. “पुसू नका, मला बघायचंय ते.” आणि खरंच बघितलंत. एक पापुद्रा बोटावर घेऊन उजेडात धरलात. मग भुवया, कानांमागची जागा, नाकाच्या कडा. पापुद्रा पिवळट, तेलकट आहे. सोरायसिस या त्वचारोगाचा बहुधा जाड, चंदेरी असतो, म्हणालात. ज्याची मी इतकी वर्षं लाज बाळगली, तेच तुमच्या कामाचं निघालं. त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते. तुम्ही पाहिलं असेल, पण बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

निदान झालं सेबोऱ्हिक डर्माटायटिस, म्हणजे टाळूचा एक्झिमाच. मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, जवळपास सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, काहींची त्वचा त्यावर भडकते. हा अस्वच्छतेचा आजार नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. आणि ते यीस्ट तेलकटपणावरच पोसतं! हे ऐकताना ‘चोपडून लाव’वाल्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि मला हसू आवरेना. केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू ५ मिनिटं टाळूवर राहू द्यायचा, हे साधं वाक्यसुद्धा आधी कुणी उच्चारलं नव्हतं. स्टेरॉइडचं लोशन फक्त भडका उडाला तर, तेही मोजके दिवस. आणि मुळापासून जाणार नाही, आटोक्यात राहील, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. बरं वाटलं. खोट्या आशेवर मी पुष्कळ खर्च केला होता.

तुम्ही काही गोडबोल्या नाही, खरं तर जरा तुटकच आहात. पण समोरच्याला अवघडू न देणं तुम्हाला जमतं. ते फार थोड्यांना जमतं; दवाखान्यातच कशाला, घरातल्या माणसांनाही नाही.

हवा कोरडी झाली तशी परवा पुन्हा खाज सुटली. तुम्ही बजावलं होतंत, म्हणून धसका घेतला नाही. शाम्पू परत आठवड्यातून दोनदा सुरू केलाय, लोशनला अजून हात लावावा लागलेला नाही.

तुमची एक पेशंट